जलधोरणाच्या मसुद्यावर सामान्य शेतकऱ्याने सूचना पाठवून काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की पाण्याच्या धोरणाचा मसुदा काढून सरकार हरकती-सूचना मागवतं, तेव्हा आपल्यासारख्याने लिहून उपयोग होतो का, आणि लिहायचं तर काय.

लिहाच. माझी शेती जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्याकडे हा विषय निघाला की पारावरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'आमले कोन इचारस?' राग खोटा नाही. पण धोरणातली एक ओळ काय करू शकते ते बघा. महाराष्ट्राच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रम उद्योगाला दिला होता, शेती तिसरी. बराच विरोध झाला आणि २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. मसुदा निघाला तेव्हाच ती ओळ गावोगाव वाचली गेली असती, तर मधली आठ वर्षं वाचली असती असं मला मनापासून वाटतं.

आता काय लिहायचं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' एवढंच लिहून पाठवू नका. त्याला कोणाचा विरोध नसतो, म्हणून त्यावर काही करावंही लागत नाही. कलमाचा क्रमांक घाला, त्या कलमाने तुमच्या शिवारात काय होईल ते सांगा, आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत ते लिहून द्या. उदाहरण आमच्याच भागातलं. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे, आणि कायद्यातल्या 'विहीर' या शब्दात बोअरही आली. पण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी त्याच्या कितीतरी खाली गेलंय. तिथे ही मनाई कागदावर राहते आणि बागाईतदार फक्त कायदा मोडणारा ठरतो. मी सूचना लिहीन ती अशी: खोलीवर बंदी घालून थांबू नका, एका पट्ट्यातला उपसा आणि पुनर्भरण, म्हणजे जमिनीत परत मुरणारं पाणी, यांचा मिळून ताळेबंद मांडा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यातला ऑक्टोबरचा आकडा ग्रामसभेत वाचून दाखवणं बंधनकारक करा, कारण कांदेबागेची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर लावायच्या केळीची, लागवड त्याच सुमारास चालू असते. त्या वर्षी किती केळी पेलवेल ते तेव्हाच बोलता येतं. मे महिन्यात तो आकडा कळून काय करायचं?

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पावसाचं पाणी मुरतं ते डोंगराच्या कुशीतल्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात. उपसलं जातं ते खाली, तापीकडच्या काळ्या जमिनीत. वरच्या पट्ट्यात, जंगलात पावरा आणि तडवी समाजाची वस्ती आहे. त्यांनी जंगल राखलं तर आमची मोटार चालते. पण सुनावणी होते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, मसुदा असतो जड सरकारी भाषेत, आणि पाड्यावरच्या माणसाचा दिवस मजुरीत जातो. म्हणून माझी मागणी असेल की एक बैठक पाड्यावर व्हावी, पावरी बोलीत व्हावी, आणि पेरणी-कापणीचे दिवस सोडून व्हावी. बायकांना वेगळं विचारावं, हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो.

असं सगळ्यांना बसवून ठरवणं आपल्याकडे नवीन नाही. पांझरा नदीवर साक्री-धुळ्याकडे फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडाला यंदा पाणी द्यायचं ते शेतकरीच बसून ठरवत. पाणी कमी असलं की अख्खा एखादा फड पडीक ठेवायचे. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्याने तूटही वाटून घेतली जायची. पाटावर पाटकरी त्यांचाच. नव्या धोरणात पाणी वापर संस्थांबद्दल कलम असेल तर हे जरूर लिहा: तुटीच्या वर्षी वाटप कसं करायचं, ते ठरवायचा अधिकार संस्थेला हवा. नुसती पाणीपट्टी गोळा करायला कोण संस्था चालवेल?

उत्तराची अपेक्षाही ठेवा. कायदा करण्याआधी लोकांशी सल्लामसलत करण्याबद्दलचं केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, आलेल्या सूचनांचा गोषवारा जाहीर करावा, आणि मंत्रिमंडळापुढच्या टिपणात त्यावरचं उत्तरही द्यावं. पाणी हा राज्याचा विषय आहे, तेव्हा आपल्या सूचनेतच लिहा की राज्यानेही हेच पाळावं. सूचना शक्यतो ग्रामसभेच्या ठरावासोबत पाठवा, एकट्याच्या पत्रापेक्षा तिला वजन येतं. हाती नेऊन दिलीत तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मुदत संपल्यावर काहीच कळलं नाही, तर माहिती अधिकारात अर्ज टाका आणि आपल्या सूचनेवर काय निर्णय झाला, कोणत्या कारणाने, एवढंच विचारा.