एनजिनएक्सचे मॉड्यूल त्याच आवृत्तीच्या सोर्समधून कंपाइल केले, तरी ‘बायनरी कंपॅटिबल नाही’ अशी एरर का येते?

तुम्ही दिलेल्या तपशिलावरून प्रश्न असा आहे. उबुंटू २२.०४ वर त्याच्याच रिपॉझिटरीतून बसवलेला एनजिनएक्स १.१८.० हा वेब सर्व्हर चालू आहे आणि त्याला ब्रॉटली कॉम्प्रेशनचे मॉड्यूल, म्हणजे पुरवणी भाग, जोडायचे आहे. आधी तुम्ही एनजिनएक्स १.२६.० चा सोर्स (मूळ कोड) उतरवून मॉड्यूल कंपाइल केले, तेव्हा ‘व्हर्जन १०२६००० इन्स्टेड ऑफ १०१८०००’ अशी एरर आली. मग १.१८.० चाच सोर्स घेतला, --विथ-कॉम्पॅट हा पर्यायही दिला, तरी ‘इज नॉट बायनरी कंपॅटिबल’ एवढेच उत्तर मिळाले. शिवाय नव्या एनजिनएक्सवर जावे म्हटले, तर कुकी तपासणारे तुमचे एक जुने मॉड्यूल ‘कुकीज नावाचा मेंबर नाही’ असे म्हणून कंपाइलच होत नाही. तुमच्या कॉन्फिगरच्या ओळीत --विदाउट-एचटीटीपी_रीराइट_मॉड्यूल (पत्ते बदलणारे रीराइट मॉड्यूल वगळणारा) हा पर्याय आहे, आणि माझ्या मते दुसऱ्या एररचे मूळ तिथेच आहे. (कमांड आणि पर्याय मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे, टाइप करताना अर्थातच मूळ रोमन रूपे वापरावीत.)

पहिली एरर बरेच जण उलटी वाचतात. ‘इन्स्टेड ऑफ’च्या आधीचा आकडा मॉड्यूलचा असतो आणि नंतरचा चालू सर्व्हरचा. १.१८.० चे १०१८०००, १.२०.१ चे १०२०००१, अशी ही साधी मांडणी आहे आणि मॉड्यूल लोड करताना दोन्ही आकडे तंतोतंत जुळावेच लागतात. अपाचेवर काम केलेल्यांना हे जाचक वाटते, कारण अपाचे २.४ साठी बांधलेले मॉड्यूल २.४ च्या पुढच्या उपआवृत्तीवर सहसा विनातक्रार चालते; तिथे मॉड्यूल मॅजिक नंबर नावाचा वेगळा क्रमांक सांभाळला जातो आणि एका मालिकेत त्याचा मुख्य भाग बदलू दिला जात नाही. एनजिनएक्सने असे कोणतेही वचन दिलेले नाही. मॉड्यूल सर्व्हरच्या अंतर्गत स्ट्रक्चरमध्ये थेट हात घालते, आणि रिक्वेस्टच्या स्ट्रक्चरमधले कोणते फील्ड कितव्या बाइटवर आहे हे कंपाइल करतानाच मशीन कोडमध्ये पक्के होऊन बसते. पुढच्या आवृत्तीत मध्येच एक फील्ड वाढले, तर जुने मॉड्यूल भलत्याच जागेवरून वाचू लागेल. म्हणून सोर्समधल्या हेडर फाइलमध्ये आवृत्तीचा आकडा हाताने बदलून ही तपासणी चुकवण्याचा जो उपाय अधूनमधून सुचवला जातो, तो कृपया करू नये. मॉड्यूल लोड होते, पण नंतर वर्कर प्रोसेस ‘सिग्नल ११’ने, म्हणजे मेमरीतल्या चुकीच्या जागेला हात लागल्याने, पडू लागतात, आणि त्या वेळी कारण शोधणे आजच्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

आवृत्ती जुळली की दुसरी तपासणी होते ती सिग्नेचरची, आणि तुम्ही सध्या तिथे अडकला आहात. प्रत्येक मॉड्यूलमध्ये आणि खुद्द सर्व्हरच्या बायनरीत (कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलीत) अक्षरांची एक छोटी माळ कोरलेली असते. ६४ बिट लिनक्सवर ती ‘८,४,८,’ अशी सुरू होते. हे पॉइंटर आणि आणखी दोन मूलभूत प्रकारांचे आकार आहेत. त्यापुढे शून्य आणि एक यांची रांग असते, आणि त्यातला एकेक अंक म्हणजे कॉन्फिगर करतानाच्या एकेका प्रश्नाचे उत्तर: ई-पोल (लिनक्सची अनेक जोडण्यांवर लक्ष ठेवणारी सोय) आहे का, पीसीआरई (मजकुरातले नमुने शोधणारी रेग्युलर एक्सप्रेशनची लायब्ररी) आहे का, कॅश आहे का, वगैरे. एकही अंक वेगळा निघाला की सर्व्हर मॉड्यूल नाकारतो, मात्र कोणता अंक वेगळा आहे हे सांगत नाही. एवढे सांगितले असते तर अशा प्रश्नांपैकी निम्मे प्रश्न पडलेच नसते.

आता तुमच्या पर्यायाकडे वळू. कॉन्फिगर चालवल्यावर ‘रीराइट मॉड्यूलला पीसीआरई लायब्ररी हवी’ असा संदेश आला असणार, आणि त्याच संदेशात ‘किंवा हे मॉड्यूल वगळा’ असा मार्गही सुचवलेला असतो. आपल्याला फक्त ब्रॉटलीची फाइल हवी आहे, रीराइटशी काय देणेघेणे, असे वाटून तो मार्ग स्वीकारणे स्वाभाविक आहे. पण रीराइट वगळले की पीसीआरईही वगळले जाते, सिग्नेचरमधला पीसीआरईचा अंक शून्य होतो, आणि उबुंटूच्या बायनरीत तो एक आहे. --विथ-कॉम्पॅट हा पर्याय येथे मदतीला येत नाही. तो १.११.५ मध्ये, म्हणजे २०१६ साली आला. जीझिप, रिअल-आयपी, डॅव्ह यांसारख्या पर्यायांमुळे स्ट्रक्चरमध्ये पडणारे फरक तो आधीच भरून काढतो, त्यामुळे सर्व्हर बांधताना दिलेला प्रत्येक पर्याय आपल्याला पुन्हा द्यावा लागत नाही. पीसीआरई असणे-नसणे मात्र त्याच्या कक्षेबाहेर आहे. शिवाय सर्व्हर आणि मॉड्यूल दोघांनाही तो पर्याय दिलेला असेल तरच त्याचा उपयोग होतो. एकाच बाजूने दिला, तर तोच एक नवा फरक ठरतो.

तेव्हा रीराइट वगळण्याचा पर्याय काढून टाका आणि लिबपीसीआरई३-डेव्ह व झेडलिब१जी-डेव्ह ही पॅकेजे बसवा. येथे नावांचा एक सापळा आहे. डेबियन-उबुंटूमध्ये ‘पीसीआरई३’ नावाचे पॅकेज म्हणजे जुनी, ८.x मालिकेतली लायब्ररी, तर ‘पीसीआरई२’ म्हणजे नवी, १०.x मालिकेतली. तीनाचा आकडा पाहून ते नवे असेल अशी समजूत सहज होते. एनजिनएक्स १.१८.० ला पीसीआरई२ ओळखताच येत नाही. ती सोय डिसेंबर २०२१ च्या १.२१.५ पासून आली. त्यामुळे तुमच्या मशीनवर नवी लायब्ररी असूनही कॉन्फिगरने ‘सापडली नाही’ असे म्हटले असण्याची बरीच शक्यता आहे.

यानंतर ऑब्जेक्ट्सची फोल्डर पूर्ण पुसून कॉन्फिगर पुन्हा चालवा आणि ‘मेक मॉड्यूल्स’ एवढेच द्या. संपूर्ण सर्व्हर बांधण्याची गरज नाही. मग लोड करून पाहण्याआधीच सिग्नेचर तपासता येते. सर्व्हरच्या बायनरीवर आणि नव्या फाइलवर ‘स्ट्रिंग्ज’ ही कमांड चालवून ‘८,४,८’ असलेली ओळ ‘ग्रेप’ने काढा, दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवा आणि अंक पडताळा. ओळी अक्षरशः एकसारख्या असतील तर ही एरर येणारच नाही. आधीची नाकारलेली फाइल अजून हाताशी असेल तर तिचीही ओळ काढा. माझा अंदाज बरोबर असेल तर तिच्यात बहुधा एकच अंक वेगळा दिसेल.

ज्या बायनरीशी पडताळता आहात ती खरोखर चालू असलेलीच आहे ना, हेही एकदा पाहा. एनजिनएक्सच्या कमांडला कॅपिटल व्ही हा पर्याय देऊन जी माहिती मिळते ती डिस्कवरच्या आणि पाथमध्ये पहिल्यांदा सापडलेल्या एनजिनएक्सची असते. पूर्वी कोणी सोर्समधून बसवलेली एक प्रत यूएसआर-लोकलखाली पडून असेल, तर माहिती तिची मिळते आणि सेवा देत असते ती वेगळीच. मास्टर प्रोसेसचा क्रमांक घेऊन ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या त्याच्या ‘एक्सई’ लिंकवरून खरी फाइल कळते. अपग्रेडनंतर सर्व्हर रीस्टार्ट केलेला नसेल तर तिथे फाइलपुढे ‘डिलीटेड’ असा शेरा दिसतो. सोर्सही शक्यतो ‘एपीटी सोर्स’ने उबुंटूचाच घ्या, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या तिथे मूळ आवृत्तीचा आकडा न बदलता घातल्या जातात.

सिग्नेचर जुळल्यावरही ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ ही एरर येऊ शकते, आणि ब्रॉटलीच्या बाबतीत ती नेहमीची आहे. त्यात ब्रॉटली एन्कोडरच्या एखाद्या फंक्शनचे नाव दिसले, तर मॉड्यूलशी ब्रॉटलीची लायब्ररी नीट जोडली गेलेली नाही, असे समजावे. गिटमधून घेताना सबमॉड्यूलसह घेतले नाही की मूळ लायब्ररीचा फोल्डर रिकामा राहतो, तो आधी पाहावा. सिम्बॉलच्या नावात एसएसएल असेल, तर कंपाइल करताना एक ओपनएसएसएल वापरले गेले आणि सर्व्हरकडे दुसरे आहे; उबुंटू २०.०४ वर १.१.१ होते आणि २२.०४ वर ३.० आहे, त्यामुळे जुन्या मशीनवर बांधून नव्यावर नेलेल्या फाइलींत हे घडते. उलट दिशेने नेले तर ‘जीएलआयबीसी २.३४ सापडले नाही’ असा संदेश मिळतो (जीएलआयबीसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी). ज्या रिलीजवर चालवायचे त्याच रिलीजच्या कंटेनरमध्ये बांधले, तर हे दोन्ही प्रकार टळतात.

तयार फाइल मॉड्यूल्सच्या फोल्डरमध्ये ठेवताना, त्याच नावाची जुनी फाइल लोड झालेली असेल तर तिच्यावर ‘सीपी’ करू नका. ‘सीपी’ त्याच फाइलचा मजकूर जागेवरच बदलते, आणि ती मेमरीत मॅप करून बसलेली चालू प्रोसेस त्यामुळे कोसळू शकते. ‘इन्स्टॉल’ ही कमांड जुनी फाइल बाजूला करून नवी ठेवते, ती वापरा. ‘लोड_मॉड्यूल’ची ओळ कॉन्फिगरेशनच्या अगदी वर, ‘इव्हेंट्स’च्या आधी हवी. ब्रॉटलीच्या दोन फाइली तयार होतात, फिल्टर आणि स्टॅटिक. जाता जाता कॉम्प्रेस करायचे असेल तर फिल्टरची आवश्यक आहे. शेवटी टी पर्यायाने कॉन्फिगरेशन तपासून सर्व्हर रीस्टार्ट करा. आधीपासून लोड असलेले मॉड्यूल बदलायचे असेल तर नुसत्या रीलोडवर विसंबू नये.

आता कुकीवाल्या मॉड्यूलकडे येतो. हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे, कारण येथे बायनरी नव्हे तर सोर्सच जुना पडला आहे. जून २०२२ मध्ये आलेल्या १.२३.० मध्ये एनजिनएक्सने एकाच नावाचे अनेक हेडर ठेवण्याची अंतर्गत पद्धत बदलली. पूर्वी ॲरे होता, आता लिंक्ड लिस्ट आहे. ‘कुकीज’ हा ॲरे जाऊन ‘कुकी’ हा पॉइंटर आला, आणि जीसीसी हा कंपायलर तर ‘तुम्हाला कुकी म्हणायचे होते का’ असे सुचवतोही. पण ‘एस’ खोडून भागत नाही. कुकी शोधणारे ‘मल्टी हेडर लाइन्स’चे फंक्शन पूर्वी पूर्णांक परत देत असे आणि न सापडल्यास ‘डिक्लाइन्ड’, म्हणजे उणे पाच. आता ते पॉइंटर देते आणि न सापडल्यास नल, म्हणजे रिकामा पॉइंटर. आर्ग्युमेंट दुरुस्त केली आणि तुलना मात्र जुनीच ठेवली, तर कंपायलर पॉइंटर-पूर्णांकाच्या गल्लतीची वॉर्निंग देतो. एनजिनएक्सच्या जीसीसीच्या सेटिंगमध्ये वॉर्निंगलाच एरर मानले जाते, म्हणून काम तिथेच थांबते. बहुतेक जण ‘डब्ल्यू-नो-एरर’ देऊन ते पुढे रेटतात. परिणाम असा होतो की कुकी नसताना शून्य परत येते, शून्य हे उणे पाच नसल्याने कुकी ‘सापडली’ असे ठरते, आणि तुमचे मॉड्यूल कुकीवरून प्रवेश देत असेल तर ते सर्वांनाच आत सोडू लागते.

याच बदलातला दुसरा भाग तर वॉर्निंगही देत नाही. हेडरच्या स्ट्रक्चरमध्ये ‘नेक्स्ट’ हे फील्ड वाढले आहे, आणि तुमचे मॉड्यूल कॅशे-कंट्रोल किंवा लिंकसारखे हेडर स्वतः घालत असेल तर ते फील्ड त्याने नल करायलाच हवे, कारण यादीत नवी जागा देताना एनजिनएक्स ती मेमरी पुसून देत नाही. सोर्समध्ये जिथे जिथे ‘लिस्ट_पुश’ किंवा ‘ॲरे_पुश’ने हेडर तयार होतो, ती प्रत्येक जागा पाहावी लागेल. दोन्ही आवृत्त्यांवर चालवायचे असेल तर एनजिनएक्सचा आवृत्ती क्रमांक १०२३००० किंवा त्याहून मोठा आहे का, या प्रीप्रोसेसरच्या अटीने दोन्ही कोड शेजारी ठेवता येतात. चांगली सांभाळलेली मॉड्यूल्स असेच करतात. त्याआधी मूळ रिपॉझिटरीत कोणी ही दुरुस्ती केली आहे का ते पाहा, कारण तुम्ही एकटे नाही.

सगळ्याच वॉर्निंग इतक्या गंभीर असतात असे नाही. ओपनएसएसएल ३.० आल्यापासून जुन्या फंक्शनवर ‘डेप्रिकेटेड’चा शेरा येतो, तो तेवढ्यापुरता गप्प करणे मला मान्य आहे, जीसीसी ७ पासून ‘इम्प्लिसिट फॉलथ्रू’ची तक्रार येते, तीही कोड वाचून सोडून देता येते. मात्र गप्प करायचे ते त्या एका वॉर्निंगचे नाव घेऊन, सरसकट नव्हे. ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’, म्हणजे फंक्शन कुठे जाहीरच केलेले नाही, ही वॉर्निंग तर कधीच दाबू नये. जीसीसी १४ मध्ये ती आपोआप एरर झाली ते योग्यच झाले.

वरीलप्रमाणे पीसीआरई बसवूनही ‘बायनरी कंपॅटिबल नाही’ हे कायम राहिले, तर सर्व्हरची आणि मॉड्यूलची सिग्नेचरची ओळ, कॅपिटल व्हीचे संपूर्ण आउटपुट आणि तुमची कॉन्फिगरची ओळ, एवढे प्रश्नात जोडा. कोणता अंक वेगळा आहे ते समजले की कोणता पर्याय राहिला आहे ते लगेच सांगता येईल.