जैतापूर: राज्य सरकारच्या हातात नक्की काय आहे?

तुमचं घर जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या जागेपासून ११ किमीवर, आणि विषय निघाला की कोणी म्हणतं सगळं दिल्लीच्या हातात, कोणी म्हणतं मुंबईच्या, तर राज्य सरकार नाही म्हणू शकतं का आणि लक्ष कोण ठेवतं, असं तुम्ही विचारलंय. मी तलाठी म्हणून लागलो आणि महसुलातूनच रिटायर झालो, जमीन, पंचनामे आणि पुराचे आराखडे यातच आयुष्य गेलं, त्या बाजूने सांगतो.

कायद्याने अणुऊर्जा केंद्राकडे, राज्यघटनेत फक्त केंद्राच्या विषयांची जी केंद्र सूची आहे तिच्यातली नोंद ६. रिअ‍ॅक्टर सुरक्षित आहे का, सुरक्षेची परवानगी द्यायची का हे एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं, त्यात मुंबईच्या मंत्रालयाला काडीचा अधिकार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती कायदा करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा रद्द केला, खाजगी कंपन्यांनाही वाट करून दिली, पण नोंद ६ आहे तिथेच आहे.

पण जमीन, पोलीस, पाणी, मासेमारी हे सगळं राज्याकडे. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या भागातली ९३८ हेक्टर जमीन घेतली ती राज्याच्या महसूल यंत्रणेने, २०१३ ला मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेला तोही राज्य सरकारने. १६ मे २०१० ची माडबनची जनसुनावणी राज्याच्या प्रदूषण मंडळाची. आणि १८ एप्रिल २०११ ला साखरीनाट्यात प्रकल्पाविरोधी आंदोलनावर गोळीबार होऊन एक जण गेला, ते पोलीसही राज्याचेच. म्हणून मुंबईतून कोणी 'हा केंद्राचा विषय' म्हणून हात झटकले की मला राग येतो, आजही येतो.

आता नाही म्हणता येतं का. कागदावर नाही, प्रत्यक्षात हो. पश्चिम बंगालमध्ये हरिपूरला रशियन रिअ‍ॅक्टर येणार होते, २०११ मध्ये ममता बॅनर्जींच्या सरकारने साफ नकार दिला आणि ते तिथे झालेच नाहीत. तमिळनाडूत त्याच वर्षी जयललितांच्या मंत्रिमंडळाने कुडनकुलम अणुप्रकल्पाचं काम थांबवा असा ठराव केला, मग स्वतःची तज्ज्ञ समिती नेमली आणि मार्च २०१२ ला होकार दिला. मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो, होकार द्यायचा तर द्या पण आपली माणसं लावून तपासून द्या ना.

राज्याच्या हातातली दुसरी गोष्ट पैशाची. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला एन्रॉन या अमेरिकी कंपनीची वीज घ्यायचा करार राज्य वीज मंडळाने १९९३ ला केला आणि २००१ ला ती महाग वीज घेणं बंद करायची वेळ आली. अणुविजेचा दर केंद्र ठरवतं, पण वीज विकत घ्यायची का हे राज्याच्या कंपनीने ठरवायचं असतं, आणि जैतापूर म्हणजे सहा मोठे फ्रेंच रिअ‍ॅक्टर, एकूण साधारण दहा हजार मेगावॉट, तेव्हा दराचा प्रश्न सही व्हायच्या आधी विचारायचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये कायदा केला की अणुकचऱ्याची कायमची सोय होत नाही तोवर नवीन प्लांटला परवानगी नाही, आणि १९८३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो टिकवला, कारण सुरक्षा केंद्राकडे असली तरी खर्चाचा विचार राज्य करू शकतं.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीने, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने, थोरियमवर चालणाऱ्या छोट्या रिअ‍ॅक्टरसाठी रोसाटॉम या रशियाच्या सरकारी अणुकंपनीबरोबर सामंजस्य करार केला. म्हणजे आता राज्य स्वतःच प्रकल्पाचा भागीदार होऊ बघतंय, मग गावकऱ्यांच्या बाजूने प्रश्न विचारणारं सरकारात राहिलं कोण? ऊर्जा खात्यापासून वेगळी, स्वतंत्र माणसं असलेली समिती हवीच.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं. कुंपणाच्या आतली इमर्जन्सी प्लांटवाल्यांनी बघायची, कुंपणाबाहेरची जिल्हाधिकाऱ्यांनी. आपल्याकडे १६ किमीपर्यंतचा भाग या कुंपणाबाहेरच्या इमर्जन्सी आराखड्यात धरत आलेत, म्हणजे तुम्ही त्यात येता. त्यात कुठल्या वाडीला कुठली बस, आयोडीनच्या गोळ्या कोण वाटणार, अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना कोण उचलणार, हे सगळं लिहिलेलं लागतं. मी पुरासाठी अशा याद्या केल्यात, दोन वर्षं जुनी यादी हातात असली तर अर्धी माणसं मुंबईला गेलेली असतात आणि गणपतीत नेमकी तीच घरी असतात, कोकणात हा फरक कोणी मोजत नाही. त्यात राजापुरात पावसाळ्यात अर्जुना-कोदवली नद्यांना पूर आला की पाणी बाजारपेठेत, मग बस कुठल्या रस्त्याने काढणार?

रिअ‍ॅक्टर सुरू व्हायच्या आधी हा आराखडा मंजूर असावा लागतो, अजून एकही उभा नाही, म्हणजे वेळ आहे. पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या, ठराव लेखी करा, आराखड्याचा मसुदा मराठीत मागा आणि पाण्याखाली जाणारे रस्ते त्यात दाखवायला सांगा. ठरावाची प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकारी दोघांना द्या, आवक शिक्का मारून पोच घ्यायला विसरू नका. ठरावाचा मसुदा इथे टाकलात तर मी बघून देतो.