फ्यूज्ड, म्हणजे भट्टीत तुकडे वितळवून एकजीव केलेल्या, काचेच्या टाइलवरची सममित नक्षी भट्टीतून काढल्यावर वेडीवाकडी का होते?

बहुतेक वेळा दोष कापणीत नसून जाडीत असतो. पूर्ण वितळणीच्या तापमानाला, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सिअसला, काच साधारण ६ मिलिमीटर जाडीवर स्थिरावू पाहते. थर याहून जाड असेल तर ती कडेने पसरते आणि पातळ असेल तर आत ओढली जाते, त्यामुळे मध्यबिंदूपासून काटेकोरपणे मांडलेले त्रिकोणही जागचे हलतात. म्हणून ३ मिलिमीटरचा अखंड पारदर्शक तळ घ्यावा आणि त्यावर तेवढ्याच जाडीचे रंगीत तुकडे फटी न ठेवता बसवावेत.

सर्व काचा एकाच प्रसरणांकाच्या (तापल्यावर काच किती प्रसरण पावते ते सांगणारा आकडा), ९० किंवा ९६, असाव्यात. सरमिसळ केली तर टाइल थंड होताना किंवा पुढे काही दिवसांनीही तडकते. खिडकीची काच यांत मुळीच मिसळू नये. तांबेयुक्त निळसर-हिरव्या काचेला गंधकयुक्त पिवळी काच लागून असल्यास सांध्यावर काळपट तपकिरी रेघ उमटू शकते. काही नक्षींत ती मला फार देखणी वाटते, मात्र चारही बाजूंना रंगांची जोडी तीच हवी. थंड करताना ५०० अंशांच्या आसपास, उत्पादकाने सांगितलेल्या तापमानावर, टाइल तासभर स्थिर ठेवावी आणि भट्टी पूर्ण निवेपर्यंत उघडू नये.