‘विभागप्रमुखपद मला झेपेल का?’ होकार देण्यापूर्वीचे तीन आठवडे

“अधिष्ठात्यांनी बोलावून सांगितलं, पुढच्या सत्रापासून विभाग तुम्ही सांभाळा. मी ‘विचार करून सांगते’ म्हणाले आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. काम मला येतं हो, पण नेतृत्व माझ्या स्वभावातच नाही. बैठकीत मी मागे राहते, कुणाला नाही म्हणता येत नाही. आत्ताच दिवस पुरत नाही, तर पुढे कसं होणार?”

सल्ल्यासाठी आमच्याकडे आलेल्या या मॅडम विज्ञान शाखेत सहयोगी प्राध्यापिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अध्यापनाचा अनुभव दांडगा, संशोधन चांगलं, विद्यार्थ्यांच्या लाडक्या. उत्तर द्यायला तीन आठवडे हातात होते. आत्मविश्वास वाढवण्याच्या दोन कार्यशाळा त्यांनी आधीच केल्या होत्या आणि दोन्हींचा उत्साह आठवड्याभरात ओसरला होता. म्हणून आत्मविश्वासाचा विषय आम्ही बाजूला ठेवला आणि त्यांना एक नोंदवही करायला सांगितली.

दहा कामाचे दिवस, दर अर्ध्या तासाची नोंद, चार रकाने. काय केलं, किती वेळ गेला, कोणी सांगितलं, आणि हे काम माझ्या बढतीच्या अर्जात कुठे लिहिता येईल. नोंद त्याच दिवशी करायची. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलं की नेमकी फुटकळ कामं गळतात, आणि आपल्याला शोधायची असतात तीच.

मॅडमच्या वहीतलं एका मंगळवारचं पान असं होतं. दोन तास व्याख्यानं, एक तास प्रयोगशाळा. अर्धा तास रजेवर गेलेल्या सहकाऱ्याच्या वेळापत्रकाची जुळवाजुळव. एक तास बैठकीचं इतिवृत्त. दीड तास दुसऱ्याच मार्गदर्शकाच्या विद्यार्थिनीचं रडणं ऐकून तिला धीर देण्यात. अर्धा तास पाहुण्या व्याख्यात्यांची व्यवस्था. एक तास विभागाच्या अहवालातले तक्ते सरळ करण्यात. संशोधनाला रात्री साडेनऊनंतर चाळीस मिनिटं. व्याख्यानं, प्रयोगशाळा आणि संशोधन सोडून मधली पाच कामं मिळून साडेचार तास, आणि त्या सगळ्यांसमोर चौथा रकाना कोरा. तिसऱ्या रकान्यात तीन ठिकाणी एकच उत्तर होतं : “कोणीच नाही. मीच म्हणाले, करते.”

हे वाचून त्या खजील झाल्या. इथे एक संशोधन उपयोगी पडलं. लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्दे, लिझ व्हेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट या अर्थशास्त्र आणि वर्तनशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग. तिघातिघांचे गट संगणकावर बसवले. दोन मिनिटांत कोणीतरी एकाने बटण दाबायचं. दाबलं की सगळ्यांचाच फायदा, पण दाबणाऱ्याच्या वाट्याला इतरांपेक्षा कमी. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत बटण जास्त वेळा स्त्रियांनी दाबलं. फक्त स्त्रियांच्या आणि फक्त पुरुषांच्या गटांत मात्र असा फरक दिसला नाही. ज्या फेऱ्यांत कोणालातरी विनंती करण्याचा अधिकार एका बाहेरच्या व्यक्तीला दिला होता, त्यांत विनंती स्त्रियांना जास्त झाली, आणि ती स्त्रियांनी ७६ टक्के वेळा मान्य केली, पुरुषांनी ५१ टक्के वेळा.

म्हणजे स्वभावाला दोष देण्यात अर्थ नाही. ‘हे काम मॅडम करतील’ ही अपेक्षा खोलीतल्या सगळ्यांची असते, मॅडमचीसुद्धा. त्यांच्या वेळेच्या टंचाईचं मूळ इथे होतं. विभागप्रमुखपद या ओझ्यावर रचलं असतं तर ते झेपलं नसतं, हे त्यांचं गणित बरोबरच होतं.

मग सरळ ‘नाही’ म्हणायला लागायचं का? आम्ही तसा सल्ला देत नाही. मॅडलिन हाइलमन आणि ज्युली चेन यांनी २००५ मध्ये दाखवलं की सहकाऱ्याला मदत केल्यावर श्रेय पुरुषाला मिळतं, आणि मदत नाकारल्यावर नाराजी स्त्रीच्या वाट्याला येते. एकट्या बाईचा कोरडा नकार महाग पडतो. त्यापेक्षा वाटपाची पद्धत बदला. इतिवृत्त आडनावांच्या वर्णक्रमाने फिरतं करा, पाहुण्यांची व्यवस्था सत्रानुसार वाटून द्या. प्रस्ताव दोन ओळींचा, लेखी, बैठकीच्या तीन दिवस आधी विषयपत्रिकेवर. आयत्या वेळी तोंडी मांडला की ‘बघू पुढे’ होऊन जातं. आणि ‘हे कोण करेल?’ असं विचारल्यावर खोलीत जी शांतता पसरते, ती मोडायची नाही. मनात वीसपर्यंत मोजा. बहुतेक वेळा पंधराच्या आत कोणीतरी बोलतं.

मॅडमची गाडी अडली ती पुढच्या पायरीवर. पहिलं इतिवृत्त ज्या सहकाऱ्याकडे गेलं, त्याने ते अर्धवट लिहून दिलं. मॅडमनी रात्री बसून ते नीट केलं. पद्धत कोसळते ती नेमकी इथे, कारण वाईट काम केलं की सुटका होते हे सगळ्यांना कळतं. पुढच्या खेपेला त्यांनी ते एका ओळीसह परत पाठवलं : “ठराव दोन आणि चारचे निर्णय राहिले आहेत, शुक्रवारपर्यंत पूर्ण करून द्याल का?” शुक्रवारी ते आलं.

रडणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र वाऱ्यावर सोडायचं नाही. हे काम मोलाचं आहे, फक्त ते मोजलं जात नाही. त्यासाठी आठवड्यात दोन ठरावीक तास ठेवा, ते कार्यभाराच्या तक्त्यात ‘विद्यार्थी मार्गदर्शन’ म्हणून लावून घ्या, आणि गंभीर प्रकरण त्याच दिवशी समुपदेशन कक्षाकडे सोपवा.

नोंदवही चालू असतानाच दुसरा तपास करायचा होता : ही खुर्ची रिकामी का झाली? मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅस्लम यांनी २००५ मध्ये ‘काचेचा कडा’ ही संज्ञा मांडली. संस्था अडचणीत असताना नेतृत्वाची संधी स्त्रियांकडे येण्याची शक्यता वाढते, आणि मग अपयशही त्यांच्याच नावावर जमा होतं. म्हणून विचारायचं : गेल्या पाच वर्षांत किती प्रमुख बदलले? आधीच्यांनी मुदतीपूर्वी का सोडलं? किती जागा रिक्त आहेत? विद्यार्थीसंख्या घटते आहे का? बाहेरच्या समितीची तपासणी कधी आहे? हिशेबाच्या कुठल्या आक्षेपाचं उत्तर द्यायचं राहिलं आहे का? अधिष्ठात्यांपेक्षा कार्यालयातल्या जुन्या कर्मचाऱ्यांकडून आणि आधीच्या प्रमुखांकडून जास्त कळतं.

मॅडमना कळलं की तपासणी आठ महिन्यांवर आली आहे, दोन जागा रिक्त आहेत आणि आधीचे प्रमुख मुदतीच्या वर्षभर आधी बाजूला झाले आहेत. त्यांची अर्धी भीती म्हणजे परिस्थितीचं अचूक आकलन होतं.

आता अटी. होकार देण्यापूर्वी तुमच्या हातात जे वजन असतं, ते नेमणुकीचा आदेश निघाला की संपतं. मागण्याजोगं बरंच असतं : मुदत आणि मध्यावर आढावा, अध्यापनाच्या तासांत कपात, कार्यालयीन मदतनीस, परवानगीशिवाय खर्च करता येईल अशी रक्कम, कार्यभार वाटपाचा अंतिम अधिकार, निवड समितीवर जागा, आठवड्यात बैठकांविना एक दिवस, मुदत संपल्यावर अभ्यासरजा. सगळं मागू नये, चार ते पाच बाबी पुरतात. त्यांतल्या कोणत्या नसतील तर उत्तर ‘नाही’, आणि कोणत्या सोडता येतील, हे घरी बसून ठरवायचं. पैसा, माणसं आणि सही, या तिन्हींपैकी एकही नसेल तर ते पद म्हणजे फक्त वाढीव कारकुनी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मॅडमचं पत्र असं होतं : “जबाबदारी स्वीकारण्याची माझी तयारी आहे. आठ महिन्यांनी होणारी तपासणी नीट पार पडावी यासाठी पुढील बाबी आदेशात नमूद व्हाव्यात, ही विनंती. १. दोन रिक्त जागांची जाहिरात रुजू होण्यापूर्वी. २. माझ्या अध्यापनात आठवड्याला सहा तासांची कपात. ३. कार्यभार वाटपाचा अंतिम अधिकार विभागप्रमुखाकडे. ४. मुदतीनंतर एका सत्राची अभ्यासरजा.” प्रत्येक मागणी विभागाच्या कामाशी जोडलेली होती. स्वतःसाठी मागताना ज्या बायकांचा आवाज बारीक होतो, त्याच विभागासाठी ठामपणे बोलतात, आणि ऐकणाराही ते सहज स्वीकारतो.

अधिष्ठाते तोंडी म्हणाले, “होईल सगळं, काळजी नको.” इथेच बहुतेकजणी थांबतात. मॅडमनी त्याच संध्याकाळी मेल केला : “आज झालेल्या चर्चेनुसार ठरलेल्या बाबी खाली देत आहे, काही राहिलं असल्यास कळवावं.” आदेशात पहिल्या तीन बाबी आल्या, रजा आली नाही. ती सोडायच्या यादीतच होती.

बैठकीतल्या मागे राहण्याबद्दल थोडक्यात. महत्त्वाचे निर्णय बैठकीपूर्वीच आकार घेतात. त्यामुळे आदल्या दिवशी दोन सदस्यांशी दहा-दहा मिनिटं बोलून ठेवा, एक पानी टिपण पाठवा, आणि पहिल्या वाक्यात मागणी व आकडा सांगा. पार्श्वभूमी नंतर. मध्येच तोडलं तर : “वाक्य पूर्ण करते, मग तुमच्या मुद्द्याकडे येऊ.” आपलाच मुद्दा दुसऱ्याने मांडला तर : “मी मांडलेल्या मुद्द्याला सरांचा पाठिंबा आहे, मग ठराव म्हणून लिहून घेऊया का?”

प्रशिक्षण घ्यावं का, हेही त्यांनी विचारलं. जरूर घ्यावं. उच्च शिक्षणातल्या स्त्रियांसाठी अमेरिकेत ‘हर्स’ ही संस्था १९७२ पासून काम करते, ब्रिटनमध्ये ‘अरोरा’ हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. कार्यक्रम निवडताना दोन गोष्टी पाहा : स्वतःच्या संस्थेतला खरा प्रश्न घेऊन त्यावर काम करायला लावतात का, आणि संस्थेतल्या एखाद्या वरिष्ठाला त्यात गुंतवतात का. सल्ला देणारे खूप भेटतात. जिथे आपण हजर नसतो त्या खोलीत आपलं नाव सुचवणारी व्यक्ती विरळा, आणि बढती त्या खोलीत ठरते.

‘माझी लायकी नाही, कधीतरी उघडं पडेल’ ही भावना पद घेतल्यावरही गेली नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्येच कर्तबगार स्त्रियांमध्ये ती नोंदवली होती. त्रास भावनेपेक्षा तिच्यातून येणाऱ्या अतितयारीचा होतो. मॅडम प्रत्येक कागद शब्दन् शब्द वाचत बसत. ठरवलं असं की खर्च, नेमणुका आणि विद्यार्थ्यांच्या तक्रारी, एवढे तीनच प्रकार पूर्ण वाचायचे. बाकी कागद मदतनीसाने तपासणी यादीवर खुणा करून आणल्यावर सही.

सगळ्यांनीच होकार द्यावा असं नाही. माणसं, पैसा, सही यांपैकी काहीच मिळत नसेल आणि तपासणी तोंडावर असेल, तर नकार शहाणपणाचा. तो देताना पर्याय सोबत द्या : “या सत्रात प्रमुखपद स्वीकारता येणार नाही. मात्र अभ्यासक्रम पुनर्रचना समितीचं अध्यक्षपद, स्वतंत्र निधी आणि एक सहायक यांसह, घेण्याची तयारी आहे.” ते काम साधारण वर्षभराचं असतं, चौथ्या रकान्यात ते ठळक बसतं, आणि पुढच्या वेळी विभागप्रमुखपदाची विचारणा झाली तर अटी मांडायला आधार मिळतो.