ज्या निवडणुकीत तुला मत नाही, तिच्याबद्दलचं तुझं मत

इंदूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीवर आणि देशाच्या धोरणांवर तू लिहिलेली पानं वाचली. तळमळ खरी आहे, म्हणूनच सविस्तर लिहितो. तुझ्या पानांत ‘असं व्हायला हवं’ हे वाक्य पुनःपुन्हा येतं. पण ते कोणी करायचं आणि कोणत्या अधिकारानं, हे एकदाही येत नाही. आपल्या भाषेत पेटीत टाकतो तेही मत आणि मनात असतं तेही मत. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पहिलं मत तुझ्याकडे नाही. दुसरं आहे, पण त्यावर पत्ता लिहिला नाही तर ते सकाळच्या पोहे-जलेबीबरोबर संपून जातं.

आधी ते पहिलं मत तुला का नाही, हे समजून घे. जुलै २०२२ मध्ये ६ तारखेला इंदूरकरांनी बोटाला शाई लावून महापौर थेट निवडला, १७ ला निकाल लागला आणि १८ ला राष्ट्रपतिपदाचं मतदान झालं, त्यात फक्त खासदार आणि आमदार होते. त्याच निवडणुकांत मध्य प्रदेशातल्या नगरपालिकांचे अध्यक्ष मात्र पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, निवडले. म्हणजे दोन्ही पद्धती आपल्या दारात आहेत. संविधान सभेत के. टी. शहा यांनी राष्ट्रपती थेट लोकांनी निवडावा असा आग्रह धरला होता. तो मान्य झाला नाही. महूला जन्मलेले बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात स्पष्ट म्हणाले की राष्ट्रपती राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो, राष्ट्रावर राज्य करत नाही. थेट निवडीविरुद्धचा युक्तिवाद असा: कोट्यवधी लोकांनी थेट निवडलेला माणूस मंत्रिमंडळाचा सल्ला निमूट मानणार नाही, आणि दिल्लीत दोन सत्ताकेंद्रं उभी राहतील. मला हा युक्तिवाद आजही पटतो. ‘राष्ट्रपती जनतेनंच निवडावा’ असं तू लिहिलंस. लिही, पण या आक्षेपाला उत्तर दिल्याशिवाय नको.

आता हिशेब. कोण जिंकेल यावर बोलण्याआधी एकदा तो हातानं करून बघ. राज्याच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य असं काढतात: १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या, भागिले निवडून येणाऱ्या आमदारांची एकूण संख्या, आणि आलेला आकडा भागिले १,०००. बाकी ५०० किंवा जास्त राहिली तर एक वाढवायचा. मध्य प्रदेशची १९७१ ची लोकसंख्या (छत्तीसगड वगळून) ३,००,१६,६२५. तिला २३० नं भागलं की १,३०,५०७. म्हणजे १३० आणि बाकी ५०७, म्हणून १३१. लोकसंख्या फक्त १,६२६ नं कमी असती तरी आपल्या प्रत्येक आमदाराचं मत १३० वर राहिलं असतं आणि राज्याचं वजन २३० नं घटलं असतं. इंदूर जिल्ह्यातल्या ९ आमदारांचं मिळून मूल्य होतं १,१७९. महाराष्ट्रात एका आमदाराचं मूल्य १७५, गुजरातेत १४७, उत्तर प्रदेशात २०८, सिक्कीममध्ये ७.

सगळ्या राज्यांच्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येनं, म्हणजे ७७६ नं भागलं की एका खासदाराच्या मताचं मूल्य निघतं. राज्यं मिळून एका पारड्यात आणि संसद दुसऱ्या पारड्यात, दोन्ही जवळजवळ समान, हा घटनेचा हेतू आहे. २०१७ मध्ये ते मूल्य ७०८ होतं, २०२२ मध्ये ७००, कारण तेव्हा जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती.

अंदाज चुकतात ते नेमके इथे. बरेच जण फक्त लोकसभेचं बळ बघतात आणि विधानसभांचं अर्धं पारडं विसरतात. काही जण राज्यसभेचे १२ नामनियुक्त सदस्य धरतात. त्यांना मत नाही. महाराष्ट्रातले पाहुणे विधान परिषदेचे आमदार धरतात, त्यांनाही नाही. रिकाम्या जागा हा आणखी एक खड्डा: मूल्य काढताना एकूण जागा मोजतात, पण मत द्यायला माणूस नसेल तर ते मूल्य पेटीत पडत नाही. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पक्षादेश गृहीत धरणं. या निवडणुकीत पक्षांना व्हिप काढता येत नाही, मतदान गुप्त असतं, आणि दुसऱ्याला मत दिलं म्हणून पक्षांतरबंदीखाली सदस्यत्व जात नाही.

मतपत्रिका खासदारांसाठी हिरवी, आमदारांसाठी गुलाबी. चिन्ह नसतं, नावं असतात; नावासमोर आयोगानं दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननंच पसंतीचा अंक लिहायचा: पहिल्या पसंतीला १, दुसरीला २. ‘१’ हा अंक हवा, ‘एक’ असं अक्षरांत लिहिलं तर मत बाद. पहिली पसंती नसेल आणि नुसती दुसरी असेल तरी बाद. २०२२ मध्ये ४,७५४ पैकी ५३ मतं बाद ठरली, त्यांत १५ खासदारांची होती. कायदे करणाऱ्यांच्या हातून हे होतं, तेव्हा नियम वाचण्याचा कंटाळा तू करू नकोस.

जिंकायला नुसती जास्त मतं पुरत नाहीत. वैध मतांच्या मूल्याच्या निम्म्याहून जास्त लागतं. २०२२ मध्ये हा कोटा ५,२८,४९१ होता. द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मिळाली, त्यामुळे दुसऱ्या पसंतीपर्यंत जावंच लागलं नाही. दुसरी पसंती खरी कामाला येते म्हणजे काय, हे १९६९ च्या निवडणुकीत दिसतं. ती नीट अभ्यास. पहिल्या फेरीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. तेच देशमुख, ज्यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. कोटा ४,१८,१६९, गिरींना १६,६५४ कमी पडत होते. बाकीचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले आणि त्यांच्या पत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. रेड्डींच्या खात्यात ९१,८७९ ची भर पडली, गिरींच्या खात्यात फक्त १८,५६२. तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. कोट्याच्या वर फक्त १,९०८. तेव्हा एका खासदाराचं मूल्य ५७६ होतं, म्हणजे पुरते चार खासदारही नव्हेत. ‘तिसऱ्या उमेदवाराला अर्थ नसतो’ हे तुझं वाक्य या आकड्यांसमोर ठेवून बघ.

आता तुझ्या लिखाणातला सगळ्यात कच्चा भाग. लोकसभा-विधानसभांच्या एकत्र निवडणुकांचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक राष्ट्रपतींनी परत पाठवावं, अशी मागणी तू केली आहेस. ती मागणी पोचणार नाही, कारण तो दरवाजाच नाही. अनुच्छेद १११ खाली राष्ट्रपती साधं विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. संसदेनं ते पुन्हा मंजूर केलं तर संमती द्यावीच लागते. धन विधेयक परत पाठवता येत नाही. आणि घटनादुरुस्तीच्या विधेयकाला १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीपासून संमती बंधनकारक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडल्यावर ते विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. संसदेत ते मंजूर व्हायला दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यांचं बहुमत लागतं. म्हणून तुझं पत्र जायला हवं ते समितीकडे आणि तुझ्या खासदाराकडे.

याचा अर्थ राष्ट्रपतींच्या हातात काहीच नाही असाही करू नकोस. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार त्यांना मिळाला. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली. २००६ मध्ये डॉ. कलाम यांनी लाभाच्या पदाचं विधेयक परत पाठवलं; संसदेनं ते पुन्हा मंजूर केलं आणि त्यांना सही करावी लागली. संमती किती दिवसांत द्यायची याची मुदत अनुच्छेद १११ मध्ये नाही, म्हणूनच १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक ग्यानी झैलसिंग यांनी ना सही केली ना परत पाठवलं, नुसतं ठेवून दिलं. उमेदवाराबद्दल मत बनवताना जात, प्रांत आणि भाषा यांच्या पलीकडे जाऊन एवढं विचार: मुदतपूर्व कोसळलेलं राज्य सरकार, त्रिशंकू लोकसभा, घाईचं विधेयक यांपैकी एखादा प्रसंग समोर आला तर ही व्यक्ती कागद वाचून प्रश्न विचारेल का? तिच्या आधीच्या पदांवरच्या नोंदी त्यासाठी वाचायच्या.

आता खरं धोरण. मतमूल्यासाठी १९७१ चीच लोकसंख्या का? २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीनं ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत गोठवली आहे. त्या मोजणीत तू नाहीस, बहुधा तुझे आईवडीलही नाहीत. हे अन्यायाचं वाटतं ना? मग २०११ चे आकडे घालून तोच हिशेब कर. मध्य प्रदेशची लोकसंख्या ७,२६,२६,८०९. आमदाराचं मूल्य १३१ वरून ३१६ होतं. केरळची ३,३४,०६,०६१, तिथलं १५२ वरून २३९. आज मध्य प्रदेशचं एकूण वजन ३०,१३० आणि केरळचं २१,२८०, म्हणजे साधारण दीडपटीच्या आत. नव्या आकड्यांनी ७२,६८० विरुद्ध ३३,४६०, म्हणजे दुपटीच्या पुढे. ज्या राज्यानं मुलींना शिकवलं, दवाखाने चालवले आणि लोकसंख्या आवरली, त्याचं वजन घटतं. दुसऱ्या बाजूला, एक माणूस एक मूल्य हेही तत्त्वच आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांवर आजचा हिशेब कायमचा चालू शकत नाही. माझं मत असं की आकडे बदलावेत, पण एका झटक्यात नव्हे, आणि त्याबरोबर घटणाऱ्या राज्यांना राज्यसभेत किंवा महसुलाच्या वाटपात काय मिळेल हे आधी ठरावं. तू वेगळ्या निष्कर्षावर येऊ शकतोस. पण मध्य प्रदेशचा रहिवासी म्हणून या बदलात तुझा फायदा आहे, तेव्हा तुझ्या मतावर तूच दुप्पट कडक प्रश्न विचार.

कोणत्याही विधेयकावर लिहिण्याआधी ते शेवटाकडून वाच. कलमांनंतर उद्देश व कारणं, मग वित्तीय ज्ञापन, मग प्रत्यायोजित विधानाचं ज्ञापन. शेवटच्या ज्ञापनात कोणत्या गोष्टी पुढे सरकार नियमांनी ठरवणार हे लिहिलेलं असतं. खरी मेख बऱ्याचदा तिथेच असते. जुन्या कायद्यात दुरुस्ती असेल तर परिशिष्टात जुनी कलमं दिलेली असतात, ती शेजारी ठेवून वाच. हिंदी प्रत वाचत असशील तर ‘करेगा’ आणि ‘कर सकेगा’ यांखाली रेघ मार. पहिलं बंधन, दुसरं मर्जी. विषय संघसूचीतला, राज्यसूचीतला की समवर्ती, हे सातव्या अनुसूचीत बघितल्याशिवाय दिल्लीला दोष देऊ नकोस. पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य राज्याकडे आहेत, शिक्षण दोघांकडे.

मसुद्यावर लोकांच्या सूचना मागवाव्यात आणि किमान ३० दिवस द्यावेत, असं केंद्राचं २०१४ पासूनचं धोरण आहे. तो कायदा नाही, त्यामुळे ते नेहमी पाळलं जात नाही. म्हणून मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा नजर टाक. संसदेची समिती निवेदनं मागवते तेव्हा मुदत बहुधा पंधरवड्याची असते. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत, दोन प्रतींत मागतात. विचार मराठीत कर, पाठव हिंदीत. इंदुरात वाढलेल्याला ते जड नाही. एकदा पाठवलेलं निवेदन समितीचं गोपनीय कागदपत्र होतं, ते नंतर गावभर वाटायचं नाही. कलमाचा क्रमांक, आक्षेप एका वाक्यात, कारण, आणि शेवटी तुला हवी ती पर्यायी शब्दरचना, एवढंच लिही. पर्यायी शब्द दिले नाहीत तर ती नुसती तक्रार राहते.

खासदाराला लिहिताना एक पत्र, एक विषय, एक पान. सभागृहात प्रश्न विचारायला १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, तेव्हा अधिवेशन सुरू झाल्यावर लिहिलेलं पत्र उशिराचं ठरतं. महिनाभर आधी लिही आणि विचारण्याजोगा प्रश्न त्यातच लिहून दे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करशील तर शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात ‘का केलं?’ विचारू नकोस. कारणं द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. ‘या निर्णयाच्या नस्तीवरच्या टिपणांची प्रत द्यावी’ असं माग.

सध्याच्या राष्ट्रपतींची मुदत २४ जुलै २०२७ ला संपते आणि निवडणुकीची अधिसूचना त्याआधीच्या ६० दिवसांत निघू शकते. तोवर राज्यवार तक्ता तयार ठेव: राज्य, आमदारसंख्या, एका मताचं मूल्य, पक्षवार बळ, रिकाम्या जागा. तो तक्ता आणि तुझी पानं नव्यानं लिहून मला पाठव. समितीला आणि खासदाराला जे पाठवशील ते स्पीड पोस्टानं पाठव आणि पावती त्याच पत्राच्या प्रतीला टाचून ठेव.

तुझा,
काका