पावसाळ्यात ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडतो, घरी काय तपासता येईल?

आधी विनंती: तो पडू नये म्हणून बायपास करू नका. साधारण ३० मिलिअँपिअर गळतीलाच तो पडतो, म्हणून जीव वाचतो.

कोरड्या हातांनी, पायात रबरी चप्पल घालून सगळे एमसीबी (बोर्डातले एकेका लाइनचे छोटे स्विच) खाली करा. ईएलसीबी चढवा, मग एकेक एमसीबी. ज्याला पडेल त्या लाइनवरचे प्लग काढून पुन्हा बघा. आता टिकला तर दोष उपकरणात. बहुतेकदा गिझरची कॉइल नाहीतर पाण्याची मोटर. नाही टिकला तर वायरिंग किंवा बोर्डात ओल. सगळे एमसीबी खाली असूनही पडतोय? न्यूट्रलची (विजेच्या परतीच्या तारेची) गडबड असू शकते, थेट वायरमन बोलवा.

सांगलीत २०१९ च्या पुरानंतर आमचा बोर्ड वरून कोरडा दिसायचा. वायरमननं मेन बंद करून उघडला, तर पितळी स्क्रूंवर हिरवा थर आणि तळाशी गाळ!