ब्लिट्झ आली तरी क्वार्टरबॅक गडबडत का नाही?

प्रश्न असा होता: "अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या मॅचेस हल्ली रात्री जागून बघतो. बचावाचा संघ एकदम सहा-सात जण क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडतो, तरी तो दोन सेकंदांत नेमक्या मोकळ्या माणसाकडे बॉल कसा टाकतो? हे त्याचं अंगचं कौशल्य, की संघाचं काही आधी ठरलेलं असतं? आणि मॅच बघताना मी कुठे लक्ष ठेवू?"

ठरलेलं असतं. कौशल्य लागतंच, पण ते ठरलेलं पार पाडायला लागतं. क्वार्टरबॅक म्हणजे पास टाकणारा खेळाडू, आणि त्याच्या अंगावर असे जास्तीचे लोक सोडणं म्हणजे ब्लिट्झ.

मी सहा वर्षं लुइझियानात बॅटन रूजला राहिले. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते. हायस्कूलच्या मुलांना आयुष्यभर लाइनमनचं काम शिकवलेलं. सगळी गल्ली त्यांना 'कोच' म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले. शनिवारी त्यांच्या कारपोर्टमध्ये टीव्ही लागायचा, मोठ्या पातेल्यात जांबालाया शिजायचा आणि मॅच एलएसयूची, म्हणजे लुइझियाना स्टेटची. पहिल्या हंगामात मी सगळ्यांसारखी बॉलकडे बघायचे. दुसऱ्या हंगामात त्यांनी टेबलावर पाच पिकन (अक्रोडासारखा लांबट सुकामेवा) एका ओळीत मांडले, मागे एक अक्रोड ठेवला आणि समोर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा लावत म्हणाले, "मोज." तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच सुरू होतं.

पाच पिकन म्हणजे लाइनमन. यांना पास झेलता येत नाही, यांचं काम अडवण्याचं. अक्रोड म्हणजे क्वार्टरबॅक. उरले पाच जण, त्यांना पास झेलता येतो. त्यातलाच एक रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा, सहसा क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा. आता बचावाने सहा शेंगा पुढे ढकलल्या आणि अडवायला पाचच पिकन असले, तर एक शेंग मोकळी सुटणारच. कुणाची चूक झाली म्हणून नव्हे, हिशोबच तसा आहे. पण बचावाकडेही अकराच. सहा पुढे आले म्हणजे पाच झेलणाऱ्यांना सांभाळायला पाचच उरले, आणि त्यांच्या मागे सावरून घ्यायला कुणीही नाही. ब्लिट्झ म्हणजे बचावाने लावलेली पैज: तुम्ही ती मोकळी जागा शोधायच्या आत आमचा माणूस पोचेल.

म्हणून आक्रमणाचं पहिलं काम बॉल हलायच्या आधीच होतं. सेंटर, म्हणजे मधला लाइनमन, ओळीवर आला की समोरच्या एका लाइनबॅकरकडे, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभ्या खेळाडूकडे, बोट दाखवून त्याचा नंबर ओरडतो. "५४ माइक!" हे ऐकून पुष्कळांना वाटतं की तो धोकादायक खेळाडू दाखवतोय. तसं नाही. मोजणी कुठून सुरू करायची तो खांब तो रोवतो. हा माइक म्हटला की डावीकडचे कोण, उजवीकडचे कोण, आमच्यापैकी कुणी कुणाला घ्यायचं, हे पाचही जणांना एका शब्दात कळतं. साधारणपणे तिघे लाइनमन एका बाजूला सरकून आपापली जागा राखतात. दुसऱ्या बाजूचे दोघे आणि रनिंग बॅक माणूस बघून अडवतात. धोका कुठून येईल असं वाटतं, तिकडे सरकायचं.

रनिंग बॅकचं काम मला सगळ्यांत जास्त आवडतं आणि टीव्हीवर त्याचं सगळ्यांत कमी कौतुक होतं. त्याचा नियम: आतून बाहेर बघ. एकाच वेळी दोघे येत असले तर मधून येणाऱ्याला अडव, कडेने येणाऱ्याला सोड. कारण मधून येणाऱ्याची वाट सर्वांत जवळची. कडेच्याला वळसा पडतो, तेवढ्यात बॉल हातातून गेलेला असतो. २०१९ च्या एलएसयूकडे क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर होता, बॅटन रूजचाच पोरगा, उंचीने लहानखुरा. त्या वर्षी त्याने धावून १,४१४ यार्ड काढले आणि ५५ पास झेलले, हे सगळे सांगतील. पण त्याच्यापेक्षा कितीतरी थोराड लाइनबॅकर धावत येताना तो खाली वाकून त्यांच्या छातीत खांदा घालायचा, तेव्हा कोच टाळी वाजवायचे. टचडाऊनला, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळाले तरी, वाजवायचे नाहीत, त्याला वाजवायचे.

सगळे अडवूनही एक जण सुटणार असेल, तर तो 'क्वार्टरबॅकचा माणूस'. त्याला कुणी हात लावणार नाही. त्याला हरवायचं ते लवकर पास टाकून. यालाच 'हॉट' म्हणतात. लाइनबॅकर जिथून उठून आला ती जागा रिकामी झाली, तर तिथेच आखूड धाव घेऊन एक जण वळतो आणि बॉल तिकडे जातो. यात क्वार्टरबॅकने आणि झेलणाऱ्याने एकच गोष्ट एकाच क्षणी ओळखावी लागते. एकाला ब्लिट्झ दिसली आणि दुसऱ्याला नाही, तर बॉल सरळ बचावाच्या हातात जातो. दूरदर्शी थ्रो म्हणून आपण वाखाणतो त्यातले निम्मे या समजुतीवर उभे असतात.

आता कॉलेजची गोष्ट व्यावसायिक लीगपेक्षा वेगळी कशी, ते सांगते. कॉलेजच्या मुलांना हंगामात आठवड्याला २० तासच संघासाठी द्यायची मुभा आहे. त्यात सराव आला, व्हिडिओ बघणं आलं, व्यायाम आला. व्यावसायिक खेळाडू दिवसभर तेच करतो. म्हणून कॉलेजातले चांगले प्रशिक्षक "हे दिसलं तर असं, ते दिसलं तर तसं" अशी लांबलचक यादी एकोणीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात कोंबत नाहीत. ते प्रत्येक प्लेमध्येच, म्हणजे ठरवलेल्या चालीतच, एक झटपट वाट बांधून ठेवतात. ब्लिट्झ येवो न येवो, कुणीतरी एक जण लगेच वळणारच. क्वार्टरबॅकने फक्त तिकडे बघायचं.

दुसरं, बाकावरून मदत. तुम्ही पाहिलं असेल, संघ ओळीवर उभा राहतो, क्वार्टरबॅक टाळी वाजवतो किंवा पाय उचलतो, पण स्नॅप, म्हणजे सेंटरने बॉल मागे देणं, होतच नाही. मग सगळेच्या सगळे ताठ उभे राहून बाहेर प्रशिक्षकांकडे बघतात. स्टेडियममध्ये वरून हे बघताना फार मजा येते. अकरा माना एकदम वळतात. ती टाळी खोटी असते. ती ऐकून ब्लिट्झला निघायला टपलेला लाइनबॅकर अर्धं पाऊल पुढे टाकतो, आणि तेवढ्यात त्याचं गुपित फुटतं. बाहेरून नवा प्ले येतो. २०२४ पासून कॉलेजमध्येही हेल्मेटमधून बोलायची परवानगी आली आहे, पण प्ले सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. शेवटच्या क्षणी बचावाने रूप बदललं तर तो मुलगा एकटाच असतो.

परक्या मैदानावर लाखभर लोक ओरडत असतात तेव्हा तर टाळीही ऐकू येत नाही. मग गार्ड मागे वळून क्वार्टरबॅककडे बघतो, त्याने पाय उचलला की शेजारच्या सेंटरला हाताने थापटतो, सेंटर मान वर-खाली करतो आणि बॉल देतो. प्रत्येक वेळी एकाच तालात केलं, तर समोरचे त्या मानेवरूनच सुटतात. म्हणून ताल बदलत राहतात.

तिसरी गोष्ट मैदानाची. कॉलेजच्या मैदानावर मधल्या दोन खुणांच्या रेषांमध्ये ४० फूट अंतर असतं, व्यावसायिक मैदानावर साडेअठरा फूट. प्रत्येक प्ले या रेषांवरून किंवा त्यांच्या मधून सुरू होतो, त्यामुळे कॉलेजात बॉल पुष्कळदा एका बाजूला कलून असतो. एक बाजू अरुंद, एक रुंद. अरुंद बाजूने आलेल्या ब्लिट्झला क्वार्टरबॅकपर्यंत कमी अंतर पडतं, म्हणून ती तिकडूनच जास्त येते. उलट त्या वेळी रुंद बाजूला मोकळं रान असतं. तिकडे टाकलेला स्क्रीन नावाचा साधा आखूड पाससुद्धा वीस यार्ड देऊन जातो.

आणि चौथी, माझ्या मते सर्वांत मोठी: कॉलेजचा क्वार्टरबॅक धावतो. तो स्वतः धावणार असेल तर पिकन-शेंगांचा हिशोबच बदलतो, कारण आता अक्रोडही मोजावा लागतो. एका बचावकर्त्याला मुद्दाम अडवायचंच नाही, तो कुठे जातो ते बघून बॉल द्यायचा की ठेवायचा ते ठरवायचं. ब्लिट्झमध्ये मागे उरलेले बहुतेक वेळा आपापल्या माणसामागे पळतात, म्हणजे त्यांची पाठ क्वार्टरबॅककडे. पहिल्या फळीतून तो निसटला की त्याला बघणारं कुणीच नसतं. एलएसयूच्याच जेडन डॅनियल्सने नोव्हेंबर २०२३ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध एकाच मॅचमध्ये ३७२ यार्ड पासने आणि २३४ यार्ड धावून काढले. असा खेळाडू असला की बचाव माणसं पुढे पाठवताना दहादा विचार करतो.

आता तो एक प्ले सांगते, जो कोचनी मला निदान वीस वेळा थांबवून-थांबवून दाखवला. ७ सप्टेंबर २०१९, ऑस्टिन, टेक्ससचं मैदान. एलएसयू ३७–३१ ने पुढे, जेमतेम अडीच मिनिटं बाकी, तिसरा डाउन (चार प्रयत्नांतला तिसरा) आणि अजून १७ यार्ड काढायचे. बहुतेक संघ इथे बॉल पोटाशी धरून धावले असते, घड्याळ पळू दिलं असतं आणि मग पंट, म्हणजे लाथेने बॉल दूर मारून समोरच्यांना दिला असता. एलएसयू पासच्या तयारीने उभी राहिली. टेक्ससने ब्लिट्झ सोडली. कोच व्हिडिओ स्नॅपच्या आधी थांबवायचे आणि विचारायचे, "पुढे किती? मागे किती?" मी मोजायचे. मग एकेक चौकट पुढे. एलएसयूचा क्वार्टरबॅक जो बरो, त्याची नजर शेवटपर्यंत वर, मैदानाकडे. अंगावर येणाऱ्याकडे तो बघतच नाही. पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनमननी राखलेल्या जागेत, थोडा सरकतो, तेवढ्याने अर्धा क्षण मिळतो आणि मधून आडवा पळणाऱ्या जस्टिन जेफरसनला बॉल जातो. मागे सावरायला कुणी नव्हतंच. ६१ यार्ड, टचडाऊन. एलएसयू ४५–३८ ने जिंकली.

त्या मुलाचं एक वर्ष आधीचं खातं बघा. २०१८ मध्ये बरोने १६ टचडाऊन पास टाकले होते. २०१९ मध्ये ६०. मुलगा तोच. बदललं ते हे की जो ब्रेडी नावाचा तरुण प्रशिक्षक न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आला आणि आक्रमणाचे प्रशिक्षक स्टीव्ह एन्समिंगर यांच्याबरोबर त्याने पाचही झेलणाऱ्यांना बाहेर सोडायला सुरुवात केली. आधीचा विचार असा की दाब आला तर अडवायला माणसं वाढवा. यांचा विचार उलटा: अडवायला पाचच ठेवा, बचावाला पसरायला लावा, म्हणजे कोण येणार ते लपवायला त्यांना जागाच उरणार नाही. सुटलेला सहावा माणूस बरोच्या नावावर. या पद्धतीत क्वार्टरबॅकला मार बसतो, हे खरं आहे. १३ जानेवारी २०२० च्या अंतिम सामन्यात क्लेम्सनचे बचावाचे प्रशिक्षक ब्रेंट वेनेबल्स यांनी नाना रूपं दाखवून सुरुवातीला त्यांना चांगलंच अडकवलं होतं. १७–७ अशी पिछाडी होती आणि मध्यंतराच्या आधी बरोच्या बरगडीलाही मार लागला. तरी त्याने ४६३ यार्ड आणि पाच टचडाऊन पास टाकले. ४२–२५. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपलं नाही.

एक गैरसमज मात्र ठेवू नका. दाब म्हणजे ब्लिट्झ असंच नाही. त्या हंगामात एलएसयूला सर्वांत कमी गुणांवर रोखलं ते ऑबर्नने, २३–२०, आणि त्यांनी उलटंच केलं: पुष्कळदा तिघांनाच पुढे पाठवून आठ जण मागे ठेवले. पुढचे तिघे दणकट होते म्हणून ते जमलं. हल्लीचे बचाव आणखी हुशार झालेत. सहा जण ओळीवर आणून उभे करतात, क्वार्टरबॅकला ब्लिट्झ वाटते, तो घाईने हॉटकडे बघतो, आणि प्रत्यक्षात चौघेच येतात. उरलेले दोघे मागे सरकून नेमके त्या हॉटच्या वाटेत उभे असतात. याला उत्तर हुशारीच्या प्लेने मिळत नाही. पाच लाइनमन आणि एक रनिंग बॅक यांनी कोण खरा आला ते शांतपणे ओळखून आपापला माणूस पकडायचा, एवढंच उत्तर आहे, आणि ते फार अवघड आहे.

कुठे लक्ष ठेवू, असं विचारलंत. येत्या शनिवारी तिसऱ्या डाउनला सात यार्डांहून जास्त हवे असतील तेव्हा बॉल सोडून द्या. आधी सेफ्टी, म्हणजे सगळ्यांत मागे उभे असलेले बचावकर्ते, मोजा: दोन, एक की शून्य. मग सेंटरचं बोट बघा. आणि स्नॅप झाला की रनिंग बॅककडे नजर ठेवा. तो एका जागी पाय रोवून डोकं आतून बाहेर फिरवतो आणि मग एका माणसाकडे झेपावतो. ज्याच्याकडे तो गेला नाही, त्याच्या मागच्या जागेकडे बघा. बॉल तिकडेच चाललेला असेल.